पोंगा कोणत्या पतंगाने मारला?



पोंगा वाळला की सगळेच "खोडकीड" म्हणतात. पण पोंगा मारणारे मुख्य पतंग दोन.

खोडकीड : पतंग वाळल्या गवताच्या रंगाचा. अळीच्या पाठीवर ५ जांभळट रेघा. पोंगा ओढताच उपसून येतो, घाण वास मारतो.

शेंडेकीड : पतंग पांढराशुभ्र, मादीच्या शेपटाशी नारिंगी केसांचा झुबका. अळीवर रेघा नाहीत. पोंगा सहज निघत नाही. पुढे शेंड्याला पांगशा फुटतात. जुन्या पुस्तकांतली सिरपोफॅगा निव्हेला ती हीच. आताचे नाव सिरपोफॅगा एक्सर्प्टॅलिस.

खोडकिडीला ट्रायकोग्रामा चिलोनिसचे, शेंडेकिडीला जॅपोनिकमचे कार्ड लावावे. म्हणून आम्ही म्हणतो, आधी अळी काडेपेटीत घालून गट ऑफिसात दाखवा, मगच कार्ड न्या.