गवतावरचा आळ

घोड्याला गवतापासून धोका, हे वाक्यच मुळी विचित्र वाटते. पण स्कॉटलंडच्या पूर्व भागातले घोडेवाले शंभराहून अधिक वर्षे या भीतीत जगत आले आहेत. १९०७ मध्ये डंडीजवळच्या बॅरी येथील लष्करी तळावरचे घोडे आजारी पडून मेले. या रोगाची नोंद तिथपासूनची. कुरणात चरणाऱ्यांनाच तो गाठतो, म्हणून नाव पडले 'ग्रास सिकनेस'. पाटागोनियात त्याला 'माल सेको', म्हणजे कोरडा आजार म्हणतात. मला हे नाव अधिक प्रामाणिक वाटते. त्यात कुणावर आळ नाही.

गिळणे, अन्न पुढे सरकवणे, घाम येणे या गोष्टी घोडा ठरवून करत नाही. त्या चालवणाऱ्या स्वायत्त चेतापेशीच या रोगात नष्ट होतात. आतडे थांबते. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे जठर तुंबते आणि हिरवट पाणी नाकावाटे येऊ लागते. अंगावर घामाचे पट्टे उमटतात, स्नायू थरथरतात, वरच्या पापण्या ओघळतात. डॉक्टर एका डोळ्यात फेनिलेफ्रिनचा थेंब टाकतात. अर्ध्या तासात त्या डोळ्याच्या पापण्या वर उचलल्या, तर संशय बळावतो. खात्री मात्र आतड्याचा तुकडा तपासल्यावर, नाहीतर शवविच्छेदनानंतरच. तीव्र प्रकारात दोन दिवसांत खेळ आटोपतो. रेंगाळणाऱ्या प्रकारात पोट पाठीला लागते. तरी निवडक घोड्यांपैकी जवळपास निम्मे हाताने भरवून, अंगावर झूल घालून, महिनोन्‌महिने शुश्रूषा करून वाचवता येतात.

कारण? १९२०च्या दशकातच टॉशर यांनी मातीतल्या 'क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम' या जिवाणूवर बोट ठेवले आणि लसही टोचून पाहिली. पुढे तो विचार मागे पडला आणि शतकाच्या अखेरीस पुन्हा वर आला. २०१४ मध्ये ब्रिटनमध्ये मोठी लस-चाचणी सुरू झाली, पण तिच्यातून वापरात येणारी लस निघाली नाही. आजारी घोड्याच्या रक्तद्रवात काहीतरी विषारी असते, एवढे १९७३च्या प्रयोगात दिसले होते. तो द्रव टोचलेल्या निरोगी तट्टांच्या चेतापेशी बिघडल्या. गंमत अशी की, अशीच चेतापेशींची हानी ब्रिटनमधल्या रानसशांत आढळते आणि १९८२ पासून मांजरांतही नोंदली गेली आहे. मांजर काही कुरणात चरत नाही! म्हणून गवताला मी तरी आरोपी म्हणणार नाही. फार तर घटनास्थळ म्हणेन.

घोडेवाल्याला मात्र निकालाची वाट पाहत बसता येत नाही. दोन ते सात वर्षांचे घोडे, एप्रिल ते जुलै हा काळ, त्यातही मे, आठ-दहा दिवसांची थंड कोरडी हवा, नुकताच नव्या कुरणात आणलेला घोडा, उकरलेली माती आणि आधी बळी घेतलेले शेत, ही लक्षात ठेवायची चिन्हे. आजारी घोड्यापासून शेजारच्याला लागण होत नाही. शेत मात्र तेच असते. म्हणून अशा दिवसांत तरुण घोडे तबेल्यात ठेवतात, वाळलेले गवत घालतात. लीदही हातानेच उचललेली बरी, कारण यंत्राने उचलतात तिथे धोका वाढलेला आढळला आहे.