बेचाळिसावा नंबर: स्कॉटलंडचे छोटे क्लब आणि त्यांची जुनी मैदानं

आजचा एपिसोड फुटबॉलवर आहे, पण मेस्सी-रोनाल्डोवर नाही. आज आपण जाणार आहोत स्कॉटलंडच्या खालच्या डिव्हिजनमध्ये. इथे काही मॅचला पाचशे माणसंही जमत नाहीत. बरेचसे खेळाडू आठवडाभर दुसरी नोकरी करतात, संध्याकाळी प्रॅक्टिसला येतात आणि शनिवारी मैदानात उतरतात.

ऑफिसमध्ये मला हमखास विचारतात, "अरे, प्रीमियर लीग सोडून तू हे काय बघतोस?" या प्रश्नाचं उत्तर म्हणजेच आजचा एपिसोड.

वर निकाल ठरलेला, खाली नाही

स्कॉटलंडच्या टॉप डिव्हिजनमध्ये सेल्टिक आणि रेंजर्स या ग्लासगोच्या दोन क्लबांचं राज्य आहे. या दोघांना सोडून शेवटचं कोण जिंकलं माहितीये? १९८५ मध्ये ॲबर्डीन. तेव्हा त्यांचे मॅनेजर होते ॲलेक्स फर्ग्युसन. हो, तेच, पुढे मँचेस्टर युनायटेडवाले. त्यानंतर २०२५ पर्यंतचे सलग ४० सीझन ट्रॉफी या दोघांतच फिरत राहिली.

पण खाली या. स्कॉटिश लीगमध्ये एकूण ४२ क्लब: वरच्या डिव्हिजनमध्ये १२ आणि खालच्या तीन डिव्हिजनमध्ये प्रत्येकी १०. पूर्वी सगळ्यात शेवटी आलं तरी फारसं बिघडत नसे, पुढच्या वर्षी तुम्ही तिथेच. २०१४-१५ च्या सीझनपासून प्लेऑफ सुरू झाला. हायलँड लीगचा विजेता आणि लोलँड लीगचा विजेता आधी आपसांत खेळणार, त्यातला जिंकणारा ४२ व्या क्लबला भिडणार. हरलात तर लीगमधून बाहेर. तिकडे त्या क्लबला थेट 'क्लब ४२' असंच म्हणतात.

आणि हे फक्त कागदावर राहिलं नाही. २०१६ मध्ये ईस्ट स्टर्लिंगशर बाहेर गेला. मग २०१९ मध्ये बेरिक रेंजर्स, २०२१ मध्ये ब्रीखिन सिटी, २०२२ मध्ये काउडनबीथ, २०२३ मध्ये अल्बियन रोव्हर्स. एकेका क्लबाला शंभरहून जास्त वर्षांचा इतिहास, आणि सगळं दोन मॅचमध्ये ठरतं. आता सांगा, टेन्शन कुठे जास्त आहे?

मैदानं अशी का आहेत?

आता मैदानांकडे येऊ. आजकालची नवी स्टेडियम्स मॉलसारखी असतात, आत गेलं की कुठल्या शहरात आहोत ते कळत नाही. इथे उलटं आहे. फोटोवरून मैदान ओळखता येतं.

आर्ब्रोथचं गेफील्ड पार्क घ्या. पूर्व किनाऱ्यावरचं मासेमारीचं गाव, आणि मैदान अक्षरशः समुद्राला चिकटून. भिंतीच्या पलीकडे नॉर्थ सी. हवा बिघडली की लाटांचे तुषार आत येतात. वाऱ्याच्या विरुद्ध मारलेला उंच बॉल कुठे पडेल हे गोलकीपरलाही सांगता येत नाही. क्लबचं टोपणनाव 'रेड लिख्टीज', कारण बंदरातला लाल दिवा बोटींना घरची वाट दाखवायचा. याच आर्ब्रोथने १२ सप्टेंबर १८८५ ला स्कॉटिश कपमध्ये बॉन ॲकॉर्डला ३६-० ने हरवलं. टायपो नाही, छत्तीस! गंमत म्हणजे त्याच दिवशी, त्याच स्पर्धेत डंडी हार्पने ॲबर्डीन रोव्हर्सला ३५-० ने हरवलं होतं. बिचारे एका गोलने रेकॉर्डला मुकले.

ब्रीखिनच्या ग्लीब पार्कला एका बाजूला चक्क झाडांचं कुंपण आहे. आपल्याकडे बंगल्याभोवती मेंदीचं कुंपण असतं ना, तसं, पण फुटबॉलच्या साइडलाइनला. 'ग्लीब' म्हणजे चर्चच्या मालकीची जमीन, म्हणजे नावातच जागेचा सातबारा आला.

काउडनबीथ हे फाइफमधलं जुनं खाणकामगारांचं गाव. तिथल्या सेंट्रल पार्कमध्ये मैदानाभोवती स्टॉक कार रेसिंगचा ट्रॅक आहे. प्रेक्षक एकीकडे, खेळ पलीकडे, मध्ये डांबर. आणि टीमचं टोपणनाव? 'ब्लू ब्राझील'! स्वतःवर हसता येणारी माणसं मला आवडतात.

डम्बार्टनचं मैदान एका प्रचंड खडकाखाली आहे आणि खडकावर किल्ला. हे स्टेडियम तसं नवं, २००० सालचं, पण क्लब असा की १८९०-९१ ची पहिली स्कॉटिश लीग त्यांनी रेंजर्ससोबत वाटून घेतली होती.

सॉफ्टवेअरवाले लोक हे पटकन समजतील. जुन्या कोडमध्ये विचित्र ओळ दिसली की आधी हसू येतं, मग कळतं की ती तिथे असण्यामागे कारण होतं. या गावांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जी जागा मिळाली तिथे गोलपोस्ट रोवले. नंतर तेवढे पैसे कधी आलेच नाहीत की सगळं पाडून सपाट करावं.

उताराची किंमत सहा पॉइंट

इथपर्यंत ऐकून वाटेल, किती गोड! पण खरा पेच आता येतो.

बॉनीरिग रोझ हा एडिनबर्गजवळचा क्लब. २०२२ मध्ये काउडनबीथला हरवून तो लीगमध्ये आला. त्यांच्या न्यू डंडास पार्कच्या मैदानाला चांगलाच उतार आहे. लीगच्या नियमांत तो बसत नव्हता आणि सपाटीकरण म्हणजे छोट्या क्लबसाठी प्रचंड खर्च. शेवटी २०२४-२५ च्या सीझनमध्ये त्यांचे ६ पॉइंट कापले. सीझन संपला तेव्हा बॉनीरिग तळाला होता, प्लेऑफमध्ये ईस्ट किलब्राइडकडून हरला आणि लीगबाहेर गेला.

आता बाजू कोणाची घ्यायची? नियमांना मी सरसकट शिव्या घालणार नाही. २ जानेवारी १९७१ ला ग्लासगोच्या आयब्रॉक्स स्टेडियममध्ये मॅच संपल्यावर जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन ६६ माणसं गेली. त्यानंतर १९७५ मध्ये ब्रिटनमध्ये मैदानांच्या सुरक्षेचा कायदा झाला. जिने, दरवाजे, कठडे याबाबत 'जुनं ते सोनं' चालणार नाही. तिथे नियम कडकच हवेत.

पण उताराने कोणाचा जीव जात नाही. हाफटाइमला टीम बाजू बदलतात, म्हणजे चढ दोघांनाही ४५ मिनिटं आणि उतारही. दुसरी बाजू अशी की नियम आधीपासून माहीत होता आणि बाकीचे क्लब खर्च करून तो पाळतात. माझं मत विचाराल तर सुरक्षेचा नियम आणि टापटिपीचा नियम यांना एकाच तराजूत तोलू नये. माणसं वाचवणाऱ्या नियमासाठी क्लबने कर्ज काढावं. मैदान टीव्हीवर सरळ दिसावं म्हणून क्लबने जागा गमवावी, हे मला पटत नाही.

कारण मैदान गेलं की काय होतं, ते ईस्ट स्टर्लिंगशरने दाखवलंय. फॉलकर्कमधल्या त्यांच्या फर्स पार्कवर १९७४ मध्ये ॲलेक्स फर्ग्युसन यांनी मॅनेजर म्हणून पहिली नोकरी केली. वय फक्त ३२. ते जुनं मैदान क्लबने २००८ मध्ये सोडलं आणि शेजारच्या स्टेनहाउसम्यूरच्या मैदानावर भाडेकरू म्हणून गेला. आठ वर्षांनी, २०१६ मध्ये, तो लीगबाहेर. फक्त मैदानामुळे असं मी म्हणत नाही. पण स्वतःचं घर नसलेल्या क्लबला गावाने आपलं म्हणत राहणं अवघड जातं.

कधी कधी जमतंही

२०२१-२२ मध्ये पार्ट-टाइम आर्ब्रोथ दुसऱ्या डिव्हिजनमध्ये टायटलच्या शर्यतीत होता. सीझनच्या अखेरीस किलमार्नकविरुद्ध मॅच, आर्ब्रोथ आधी पुढे, आणि शेवटच्या मिनिटांत २-१ ने हरले. दुसरा नंबर. नोकऱ्या सांभाळून खेळणाऱ्यांनी पगारी टीमना शेवटपर्यंत घाम फोडला.

ब्रीखिनची दुसरी टोकाची कहाणी. २०१७-१८ मध्ये त्याच डिव्हिजनमध्ये ३६ मॅच, ० विजय, ४ ड्रॉ. पूर्ण सीझनचे ४ पॉइंट! तीन वर्षांत ते पाचव्या पायरीवर पोहोचले. २०२३ मध्ये हायलँड लीग जिंकली, पण प्लेऑफमध्ये स्पार्टन्सकडून हरले. कुंपण मात्र आहे तिथेच आहे.

इथून फॉलो कसं करायचं?

सोपं आहे. तिथली शनिवारी दुपारी ३ ची मॅच म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात रात्री साडेआठ, उन्हाळ्यात साडेसात. ऑफिस नाही, जेवणाच्या आसपासची वेळ. बरेच क्लब हायलाइट्स यूट्यूबवर टाकतात. एकच क्लब निवडा. टॉपचा नको, टेबलच्या तळाजवळचा निवडा, आणि नकाशावर त्याचं मैदान सॅटेलाइट व्ह्यूमध्ये शोधा. गेफील्डपासून सुरुवात करा, समुद्र किती जवळ आहे ते बघून चकित व्हाल.

मी आर्ब्रोथवाला. तुम्ही कुठला क्लब घेताय ते मला व्हॉइस नोटमध्ये पाठवा. मार्चनंतर तुमचा क्लब ४२ व्या नंबरजवळ घुटमळायला लागला, की दर शनिवारी स्कोअर रिफ्रेश करताना तुमचाही जीव वरखाली होईल. तेव्हा मला दोष देऊ नका!

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.