दंतवैद्यकाची वाट व शास्त्रविषयांची धास्ती

बारावीत पदार्थविज्ञानाने दगा दिला, की दंतवैद्य होण्याची आशा सरली असे समजून आमच्या नागपुरातील कित्येक पालक मुलास त्या वाटेवरून परत फिरवितात. ही घाई आम्हांस योग्य वाटत नाही.

येथील शासकीय दंत महाविद्यालय सन १९६८ पासून चालू आहे. अशा महाविद्यालयात प्रवेशासाठी बारावीस पदार्थविज्ञान, रसायन, जीवशास्त्र व इंग्रजी यांत उत्तीर्ण होणे, पहिल्या तिहींत मिळून खुल्या वर्गास शेकडा ५० व राखीव वर्गांस ४० गुण मिळविणे, आणि नीट परीक्षेत पात्र ठरणे अवश्य असते. राहिलेला विषय पुरवणी परीक्षेत सोडविता येतो. नीटच्या ७२० गुणांपैकी ३६० जीवशास्त्राचे, तर पदार्थविज्ञानाचे १८० च होत. (चुकीच्या उत्तरास मात्र एक गुण कापला जातो, अंदाजपंचे धागे सोडणारांनी जपावे!)

हे विषय उगाच नेमिलेले नाहीत. तोंडातील पीएच सुमारे ५.५ च्या खाली उतरला, म्हणजे आम्लाने दाताचे कवच विरघळू लागते. हे रसायन झाले. दात उपटण्याचा चिमटा ही तरफच. ज्यास तरफेचे सूत्र उमगत नाही त्याने घरचा अडकित्ता घ्यावा व सुपारी एकदा खिळ्याजवळ, एकदा टोकाशी ठेवून फोडून पाहावी. पुस्तकाने जे समजत नाही ते पुष्कळदा हातास समजते.

वर्ष वाया जाणे गरीब घरास जड असते. म्हणून पुरवणीचा अर्ज निकाल लागताच भरावा. मुदत थोडी असते.