पुण्य निळे, पाप लाल

बर्फाने वेढलेल्या नोव्हेरिया ग्रहावरची एक प्रयोगशाळा. काचेच्या भल्यामोठ्या टाकीत एक महाकाय कीटकराणी कोंडलेली आहे. तिला माणसांसारखे बोलता येत नाही, म्हणून ती मरणाच्या दारात असलेल्या एका स्त्रीच्या तोंडून बोलते. तिच्या रॅक्नाय जमातीने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी आकाशगंगेत हाहाकार माजवला होता. त्या युद्धात ही जमात समूळ नष्ट झाली, असेच सगळे धरून चालले होते. आता ही शेवटची राणी गयावया करते आहे, की मला सोड, आम्ही कुणाच्या वाटेला जाणार नाही. समोर उभा असलेला कमांडर शेपर्ड टाकीचे दार उघडू शकतो. किंवा टाकीत आम्ल सोडून तो सगळा वंशच संपवू शकतो.

तुम्ही काय कराल?

हा प्रश्न नोव्हेंबर २००७ मध्ये ‘मास इफेक्ट’ या व्हिडिओ गेमने घरोघरच्या खेळाडूंना विचारला. कॅनडातील एडमंटन शहरातल्या बायोवेअर कंपनीची ही अंतराळकथा. पुढे २०१० आणि २०१२ मध्ये तिचे दुसरे आणि तिसरे भाग आले. खेळाडू स्वतःच शेपर्ड होतो, हवा तर पुरुष, हवी तर स्त्री. पहिल्या भागात घेतलेले निर्णय दुसऱ्यात आणि तिसऱ्यात बरोबर येतात. जिला जीवदान दिले ती पाच वर्षांनी पुन्हा भेटते. ज्याला मारले त्याची जागा रिकामी दिसते. गेम म्हणजे नुसता गोळीबार, असे समजणाऱ्या आईवडिलांना हे ऐकून नवल वाटेल. (गोळीबारही भरपूर आहे, बरे का. अमेरिकेत हा गेम १७ वर्षांवरील मुलांसाठी ठरवलेला आहे.)

राणीला सोडले की शेपर्डच्या खात्यात निळे गुण जमा होतात. त्यांचे नाव पॅरागॉन, म्हणजे आदर्श. मारले तर लाल गुण, रेनेगेडचे. रेनेगेड म्हणजे अगदी दुष्ट नव्हे. काम फत्ते झाल्याशी मतलब, मग कोण दुखावले याची फिकीर नाही, असा बेमुर्वत माणूस. दोन्ही गुणांच्या दोन वेगळ्या पट्ट्या. चित्रगुप्ताच्या वहीसारखाच प्रकार. फरक एवढाच, की ही वही खेळाडूला हवी तेव्हा उघडून बघता येते.

आणि खरी मेख इथेच आहे.

आपल्याकडे पाप-पुण्याचा खेळ नवा नाही. मोक्षपटावर सद्गुणाच्या घरात शिडी असे आणि दुर्गुणाच्या घरात साप. पण तिथे सोंगटी कुठल्या घरात पडणार ते दान ठरवी; खेळणाऱ्याच्या हातात निवड नसे. संगणकाने ती निवड दिली. १९८५ साली अमेरिकेत रिचर्ड गॅरियट यांनी ‘अल्टिमा ४’ हा गेम काढला. त्यात जडीबुटी विकणारी एक आंधळी बाई आहे. तिला किती नाणी द्यायची हे खेळाडूने स्वतःच टाकायचे. कमी टाकली तरी ती काही म्हणत नाही. प्रामाणिकपणा मात्र गुपचूप घटतो. त्याचा आकडा पडद्यावर कुठेच दिसत नाही. (हेच गॅरियट २००८ मध्ये स्वखर्चाने खरोखरच अंतराळात जाऊन आले.)

‘मास इफेक्ट’ने आकडा दाखवला, आणि वर त्याला पगारही लावला. दुसऱ्या भागात ज्याच्या खात्यात एका रंगाचे गुण पुरेसे साठले आहेत, त्यालाच संवादाची खास वाक्ये मिळतात. पडद्यावर ती डाव्या हाताला झळकतात, निळे वर आणि लाल खाली. त्यांची ताकद अशी, की अडलेले काम चुटकीसरशी होते.

याचा परिणाम जहाजावर दिसतो. मिरांडा आणि जॅक या दोन सहकारी स्त्रियांचे एके दिवशी कडाक्याचे भांडण जुंपते. निळे किंवा लाल वाक्य उपलब्ध असेल, तर दोघीही शांत होतात. नसेल, तर एकीची बाजू घ्यावी लागते आणि दुसरीची निष्ठा जाते. शेवटच्या मोहिमेत निष्ठा गेलेल्या सहकाऱ्याच्या जिवावर बेतू शकते. आता विचार करा, हे वाक्य कुणाला मिळत नाही? अट्टल रेनेगेडला मिळते, संतासारख्या पॅरागॉनलाही मिळते. मिळत नाही ते प्रत्येक प्रसंग तोलूनमापून, कधी मऊ तर कधी कठोर वागणाऱ्याला, कारण त्याचे गुण दोन खात्यांत विभागले गेलेले असतात. घरातल्या कर्त्या माणसाला असेच तोलून वागावे लागते. खेळात मात्र त्यालाच दंड!

मग खेळाडू शहाणे होतात. प्रश्न न वाचताच निळ्याकडे बोट जाते. बायोवेअरमध्ये पूर्वी काम केलेल्या जॉन एबेंजर यांनी २०२० मध्ये ट्विटरवर सांगितले होते, की सुमारे ९२ टक्के खेळाडू पॅरागॉनच्या वाटेने गेले. रेनेगेडसाठी घेतलेली मेहनत फारशी कुणी पाहिलीच नाही. माणसे मुळात चांगली असतात, असा याचा अर्थ काढणारे काढतील. पण ठरलेल्या रंगाचा ठरलेला पगार मिळत असेल, तर तो चांगुलपणा किती आणि सवय किती, हे कसे ओळखायचे?

तिसऱ्या भागात कंपनीने ही अट सैल केली. निळे आणि लाल मिळून एकच प्रतिष्ठा धरली, त्यामुळे संमिश्र वागणाऱ्यालाही तोंड उघडता आले. पण तोवर दुसरीच वही निघाली होती, फौजेची. रीपर नावाच्या यंत्रशत्रूशी अखेरचा सामना होणार, म्हणून आधीच्या सगळ्या निर्णयांचे युद्धबळात रूपांतर होते. राणीला पहिल्या भागात जीवदान दिले आणि तिसऱ्यातही वाचवले, तर तिचे कामकरी कीटक मदतीला येतात. त्यांचे १०० गुण. दुसऱ्या भागाच्या शेवटी शत्रूचा तळ उडवायचा की राखून ठेवायचा, यावर खेळाडूंनी रात्री जागवल्या. तिसऱ्या भागात त्याचा हिशेब लागला तो असा: उडवला तर १००, राखला तर ११०. दहा गुणांसाठी एवढा जीव टांगणीला!

पण याच भागात एक प्रसंग असा आहे, की तिथे पगार उलट्या बाजूने मिळतो. क्रोगन ही लढवय्यी जमात. त्यांची संख्या आवरावी म्हणून पूर्वी त्यांच्यावर जेनोफाज नावाचा रोग सोडण्यात आला. तेव्हापासून हजारात एखादेच मूल जगते. मॉर्डिन हा शास्त्रज्ञ एके काळी याच रोगावर काम केलेला. आता म्हातारपणी तो त्यावरचा इलाज हवेत सोडायला निघाला आहे. तेवढ्यात त्याच्याच सॅलॅरियन जमातीची एक पुढारी बाई शेपर्डला गुपचूप सुचवते, की इलाज बिघडू दे, क्रोगनना कळू देऊ नकोस, आमची फौज तुझी.

क्रोगनांचा म्होरक्या रेक्स हयात असेल, तर ही फसवणूक पुढे त्याला कळते आणि तो बंदूक घेऊन दारात उभा राहतो. पण रेक्स पहिल्याच भागात मारला गेलेला असू शकतो. विर्मायर ग्रहावर त्याची समजूत घालण्याइतके वाक्चातुर्य शेपर्डकडे नसेल, आणि त्याच्या घराण्याचे चिलखतही आधी शोधून दिलेले नसेल, तर त्याचा तिथेच शेवट होतो. मग गादीवर त्याचा भाऊबंद रीव्ह असतो. त्याला कधीच काही कळत नाही. क्रोगनांची फौज मिळते, सॅलॅरियनांचीही मिळते.

आड येतो तो एकटा मॉर्डिन. काही विशिष्ट परिस्थितीत त्याला समजावून परत फिरवता येते; एरवी तो ऐकत नाही. कोसळत्या मनोऱ्याच्या उद्वाहकाकडे तो पाठ करून चालू लागतो, शेपर्डची पिस्तूल त्याच्यावर रोखलेली, आणि पडद्याच्या कोपऱ्यात लाल खूण काही क्षण लुकलुकते. कळ दाबली, तर गोळी सुटते. दाबली नाही, तर खूण आपोआप विझते आणि म्हातारा वर निघून जातो. दोन फौजांचा हिशेब ज्याला ठाऊक आहे, त्याचा अंगठा त्या वेळी कळीवरच असतो.