एकट्या वकिलाची दैनंदिनी आणि घरचा संगणकतज्ज्ञ

कोणत्याही तालुक्याच्या गावी सकाळी अकराच्या सुमारास आपण न्यायालयाच्या आवारात गेलात, तर काळा कोट घातलेले दहा-वीस वकील बोर्डापुढे उभे राहून आपापल्या प्रकरणांचे क्रमांक टिपून घेताना दिसतील. त्यांतील बहुतेक एकट्याने काम करणारे असतात. फार तर एखादा कनिष्ठ सहकारी, एक कारकून आणि गरजेपुरता टंकलेखक एवढाच त्यांचा परिवार. महानगरांतील मोठ्या वकील-कचेऱ्यांत मुदतींचा हिशेब ठेवणारे, निवाडे शोधणारे, बिले करणारे असे निरनिराळे लोक नेमलेले असतात. इकडे हे सारे एका डोक्यात आणि एका जाड दैनंदिनीत साठवलेले असते. आपल्या घरचा वाटपाचा दावा किंवा अडकलेल्या पैशांची वसुली ज्याच्या हाती आहे, तो वकील बहुधा याच वर्गातला. तेव्हा ती दैनंदिनी नीट चालणे ही आपल्याही हिताची बाब आहे.

ज्यांच्या घरी संगणकशास्त्र शिकलेला मुलगा वा मुलगी आहे आणि परक्याच्या नोकरीपेक्षा स्वतःचा छोटासा उद्योग उभारण्याचा विचार चालू आहे, अशा कुटुंबांनी या क्षेत्राकडे अवश्य पाहावे. कॅनडात २००८ साली ‘क्लिओ’ नावाचे सॉफ्टवेअर निघाले, ते आरंभी एकट्या व लहान वकिलांसाठीच होते. पुढे तो मोठा व्यवसाय झाला. आपल्याकडील न्यायालयांची रीत, भाषा आणि वकिलाची मिळकत ही सर्व निराळी असल्यामुळे तिकडची वस्तू जशीच्या तशी येथे चालणार नाही. आपल्याकडील होतकरू तरुणांना वाव आहे तो येथेच.

आरंभी एक इशारा द्यावयास हवा. शासन जे फुकट देते ते विकण्याच्या भरीस पडू नये. ई-न्यायालय प्रकल्प २००७ पासून चालू आहे. त्याच्या तिसऱ्या टप्प्यास २०२३ च्या सप्टेंबरात ७,२१० कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. न्यायालयांतील प्रकरणांची नोंद ठेवणारी त्याची प्रणाली पुण्याच्या राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्रात घडली, ही मराठी वाचकांस ठाऊक असावी अशी गोष्ट. प्रत्येक प्रकरणास सोळा अक्षर-अंकांचा एक स्वतंत्र क्रमांक मिळतो आणि त्यावरून पुढील तारीख कोणालाही मोबाईलवर विनामूल्य पाहता येते. ‘पुढची तारीख कळवणारे’ आणखी एक ॲप काढून त्यास वर्गणी लावणे म्हणजे नदीकाठी पाणी विकणे होय.

परंतु पुढची तारीख कळणे निराळे आणि मुदत सांभाळणे निराळे. तारीख न्यायालय देते. मुदत कायदा देतो आणि तिची आठवण कोणी करून देत नाही. एक साधे उदाहरण घ्या. आपणास मिळालेला धनादेश वटला नाही आणि तसे बँकेने आपणास २ जानेवारीस कळविले. परक्राम्य संलेख अधिनियमाप्रमाणे त्यापासून ३० दिवसांत, म्हणजे १ फेब्रुवारीपर्यंत, देणेकऱ्यास लेखी नोटीस गेली पाहिजे. समजा, ती त्यास १० फेब्रुवारीस पोचली. पैसे देण्यास त्यास १५ दिवस मिळतात. ते २५ फेब्रुवारीस संपतात. २६ तारखेस तक्रारीचे कारण घडते आणि तेथून एका महिन्यात, म्हणजे २६ मार्चपर्यंत, फिर्याद दाखल व्हावी लागते. येथे ‘महिना’ या शब्दाचा अर्थ तीस दिवस असा कोणी घेतला, तर लीप वर्ष नसताना त्याचा हिशेब २८ मार्चपर्यंत जाईल आणि तो दोन दिवसांनी चुकेल. फिर्यादीच्या उशिरास पुरेसे कारण दाखविल्यास न्यायालय माफी देऊ शकते; नोटिशीच्या उशिरास तशी सोय नाही.

अशा गणिताचे किती प्रकार आहेत पाहा. हातउसने दिलेल्या रकमेच्या दाव्यास सामान्यतः तीन वर्षांची मुदत असते. परंतु मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने सही करून देणे कबूल केले, तर ती तेथून नव्याने चालू होते. दिवाणी हुकूमनाम्यावर उच्च न्यायालयात अपील करावयास ९० दिवस, इतर न्यायालयात ३०; त्यांतून नक्कल मिळण्यास लागलेला काळ वजा करावयाचा. शेवटच्या दिवशी न्यायालय बंद असेल तर ते उघडेल त्या दिवशी दाखल केलेले चालते. कैफियत देण्यास समन्स लागल्यापासून ३० दिवस, न्यायालयाने वाढविल्यास ९०. व्यापारी दाव्यांत मात्र १२० दिवसांनंतर दार कायमचे बंद. अपिलाचा उशीर माफ होऊ शकतो, मूळ दाव्याचा नाही. एखाद्या विधवेने आयुष्यभराची पुंजी कोणास दिलेली असावी, तिची बाजू सर्वस्वी खरी असावी आणि तरीही केवळ दिवस मोजण्यातील चुकीने तिचा दावा फेटाळला जावा, हे घडू शकते.

तेव्हा पहिली आणि सर्वांत उपयुक्त आज्ञावली म्हणजे मुदतींची दैनंदिनी. तिने वकिलास घटनेची तारीख विचारावी, कोणता नियम लागतो ते दाखवावे, गणित कसे केले तेही उलगडून सांगावे आणि त्या त्या न्यायालयाच्या सुट्ट्या धरून आठवण द्यावी. गणित उलगडून सांगणे यास माझ्या मते फार महत्त्व आहे. नुसते उत्तर देणाऱ्या यंत्रावर जबाबदार वकील विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नये.

दुसरी कल्पना वकिलाच्या स्वतःच्या कुटुंबाशी निगडित आहे. एकटा वकील अकस्मात आजारी पडला किंवा निवर्तला, तर काय होते? घरच्यांस कायद्याचे ज्ञान नसते. दुसऱ्याच दिवसापासून पक्षकार दारात येऊन मूळ खरेदीखत, वारसदाखला, बँकेचे कागद मागू लागतात. कोणते दप्तर कोणाचे, कोणती फी येणे राहिली, कोणाची आगाऊ रक्कम जमा आहे, उद्या कोणत्या न्यायालयात कोणती साक्ष आहे, हे सांगणारा कोणी उरत नाही. प्रत्येक प्रकरणाची एक पानी स्थिती, मूळ कागद कोठे ठेवले आहेत त्याची नोंद, आणि वकिलाने आगाऊ निवडलेल्या एका सहव्यावसायिकाच्या हाती ती सोपविण्याची सोय असलेली आज्ञावली कोणी केली, तर तिला दिखाऊपणा कमी असेल पण गरज मोठी आहे. येथे गुप्ततेचे पथ्य कडक पाळावे लागेल. पक्षकाराने वकिलास विश्वासाने सांगितलेले उघड करण्यास भारतीय साक्ष्य अधिनियमाने मनाई केली आहे आणि ती वकिलाच्या कारकुनास व नोकरांसही लागू आहे. म्हणून घरच्या मंडळींना मजकूर न दिसता केवळ ‘अमुक वकिलांकडे जा’ एवढेच दिसावे, अशी रचना हवी.

तिसरी गोष्ट भाषेची. महाराष्ट्रात २१ जुलै १९९८ पासून दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी आहे. उत्तरेत हिंदी, तमिळनाडूत तमिळ. परंतु घटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदानुसार उच्च व सर्वोच्च न्यायालयांचे कामकाज इंग्रजीत चालते. काही थोड्या राज्यांच्या उच्च न्यायालयांत हिंदीस मुभा आहे. अपील वर जाताच तलाठ्याचा फेरफार, पंचनामा, साक्षीदाराचा जबाब, सगळ्यांचे भाषांतर करावे लागते. त्यातच जुन्या संगणकांवर श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या टंकांत केलेले हजारो मसुदे पडून आहेत. ते नव्या युनिकोडमध्ये न बदलल्यास शोधता येत नाहीत आणि दुसऱ्या यंत्रावर उघडले तर अक्षरांची खिचडी दिसते. हे मसुदे बदलून देणे, न्यायालयीन शब्दांचा द्विभाषिक संग्रह जोडणे आणि भाषांतराचा पहिला कच्चा खर्डा तयार करणे, हे काम इंदूर, बडोदे, बेळगाव येथील दोन-तीन भाषा जाणणाऱ्या मराठी कुटुंबांतील मुलांना विशेष साधेल. सात-बारा म्हणजे काय हे परदेशी कंपनीस शिकवावे लागते. आपल्या मुलास ते आजोबांकडून कळलेले असते.

इतर कल्पना थोडक्यात सांगतो. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि ५११ कलमांची ३५८ झाली. फसवणुकीचे प्रसिद्ध ‘४२०’ आता ३१८ व्या कलमात गेले. त्यापूर्वीच्या गुन्ह्यांस जुनाच कायदा लागतो, म्हणून पुढे अनेक वर्षे दोन्ही कलमे शेजारी ठेवून पाहावी लागतील. त्याच दिवसापासून मोबाईलमधील संदेश वा ध्वनिमुद्रण पुराव्यात देताना सोबत जोडावयाच्या प्रमाणपत्रात त्या नोंदीचे ‘हॅश’ मूल्य, म्हणजे जणू तिच्या बोटाचा ठसा, लिहावे लागते. हे मूल्य काढून नमुना भरण्यास मदत करणारी छोटी आज्ञावली वकिलांस हवी आहे. मात्र नमुन्याचा दुसरा भाग तज्ज्ञानेच भरावयाचा असतो, हे तिने स्पष्ट सांगावे. फीचे बिल करणारी आज्ञावली दुकानी हिशेबासारखी करून भागणार नाही. वकिलाने खाजगी व्यक्तीस दिलेल्या सेवेवर वस्तू व सेवा कर नाही, आणि ठरावीक उलाढालीवरील व्यापारी पक्षकाराच्या बाबतीत तो भरण्याची जबाबदारी वकिलाची नसून पक्षकाराची असते.

निवाड्यांचा शोध हे क्षेत्र आकर्षक खरे, पण तेथे गर्दी आहे. नागपूरचे ‘ऑल इंडिया रिपोर्टर’ कित्येक दशके निवाडे छापत आले आहे. ‘इंडियन कानून’ हे शोधयंत्र २००८ पासून आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२३ पासून आपले अधिकृत निवाडे विनामूल्य खुले केले. नवख्याने २००७ चा ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक हा निवाडा तरी वाचावा. न्यायालयाचे मूळ शब्द सर्वांचे. संपादकाने लिहिलेला सारांश आणि त्याने पाडलेले परिच्छेद मात्र त्याच्या मालकीचे, असे त्यात ठरले. कृत्रिम बुद्धिमत्तेने शोध घेणाऱ्यांनी न्यूयॉर्कची हकीकतही ध्यानात ठेवावी. तेथे २०२३ साली दोन वकिलांनी यंत्राने रचलेले, मुळात अस्तित्वातच नसलेले निवाडे न्यायालयापुढे ठेवले आणि त्यांच्यावर व त्यांच्या कचेरीवर मिळून ५,००० डॉलरचा दंड बसला.

उद्योग काढण्यापूर्वी वकिलांच्या आचारनियमांची ओळख करून घ्यावी. वकिलास आपली फी वकील नसलेल्या कोणाशीही वाटून घेता येत नाही. म्हणून ‘मिळालेल्या फीचा दहावा हिस्सा आम्हांस’ असा करार करू नये, ठरावीक वर्गणीच घ्यावी. जाहिरात करण्यास व कामे मिळविण्यासाठी प्रयत्न करण्यास वकिलास बंदी आहे. २००८ पासून संकेतस्थळावर नाव, पत्ता, सनद क्रमांक, शिक्षण व कामाचे क्षेत्र एवढीच माहिती देता येते. पक्षकार मिळवून देणाऱ्या संकेतस्थळांविरुद्ध मद्रास उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये कडक आदेश दिले आहेत. आणि आपली मुलगी स्वतःच सनदधारक वकील असेल, तर तिला व्यवसायात प्रत्यक्ष भाग घेता येत नाही. राज्याच्या वकील परिषदेस आक्षेपार्ह न वाटणाऱ्या धंद्यात निष्क्रिय भागीदार म्हणून ती राहू शकते. स्वतः चालवावयाचा तर सनद स्थगित करून घ्यावी.

भांडवल फारसे लागत नाही. वेळ मात्र लागतो. पहिले तीन महिने एकाच न्यायालयात जाऊन चार वकिलांच्या आणि विशेषतः त्यांच्या कारकुनांच्या शेजारी बसावे. सॉफ्टवेअर रोज हाताळणार तो कारकून. त्याला ते अवघड वाटले तर साहेबांनी पैसे भरूनही ते पडून राहील. वीज व इंटरनेट नसताना चालणारी, मोबाईलच्या लहान पडद्यावर वाचता येणारी आणि दररोजचा बोर्ड एका पानावर छापून देणारी आज्ञावली त्यास आवडेल, कारण तो कागद कोटाच्या खिशात बसतो. वकिलाची मिळकत महिन्याकाठी सारखी नसते, उन्हाळ्याच्या सुट्टीत तर फारच रोडावते. म्हणून वर्गणी वार्षिक आणि माफक असावी. करारात एक कलम आवर्जून घालावे: उद्योग बंद पडला किंवा वर्गणी थकली, तरी वकिलाच्या सर्व नोंदी साध्या, कोणत्याही यंत्रावर उघडणाऱ्या स्वरूपात त्यास परत मिळतील. अनुभवी वकील सही करण्यापूर्वी ते कलम प्रथम शोधील.