चाचणीचा ब्राउझर : जवळचा आणि दूरचा

संकेतस्थळाची परीक्षा माणसाऐवजी यंत्राकडून करवून घेण्याच्या विद्येला, जेसन हगिन्स यांनी २००४ साली शिकागोत सेलेनियम या साधनाचा पाया घातल्यापासून, दोन दशके उलटून गेली; तरीही चाचण्या आपल्या संगणकावर चालवाव्यात की क्लाउडवर, या प्रश्नाभोवतीचे गैरसमज अद्याप दूर झालेले नाहीत.

क्लाउडवर नेलेली चाचणी आपोआप वेगवान होते, हा त्यांतला सर्वांत रूढ समज. वेबड्रायव्हरच्या, म्हणजे सेलेनियमने ब्राउझर चालवण्याच्या, पद्धतीत ‘हे बटण शोध’, ‘ते दाब’, ‘येथे नाव लिही’ असा प्रत्येक हुकूम ब्राउझरकडे स्वतंत्रपणे रवाना होतो आणि त्याचा जबाब येईपर्यंत पुढचा हुकूम खोळंबून राहतो. ब्राउझर त्याच संगणकावर असला तर ही ये-जा जाणवतही नाही; परंतु पुण्याहून अमेरिकेतल्या सर्व्हरपर्यंतच्या एका फेरीस पाव सेकंद लागतो असे धरले, तर चारशे हुकुमांच्या चाचणीत शंभर सेकंद केवळ प्रवासातच खर्ची पडतात. म्हणजेच एकटी चाचणी दूर जाऊन मंदावतेच. लाभ होतो तो संख्येमुळे : मिनिटभराच्या दोनशे चाचण्या एकामागून एक चालवल्यास तीन तास वीस मिनिटे लागतात, त्याच चाचण्या वीस ब्राउझरांवर एकाच वेळी वाटून दिल्या तर दहा मिनिटांच्या आसपास उरकतात, मात्र एका चाचणीने उघडलेल्या खात्यावर दुसरी विसंबून असेल, तर ही वाटणी मुळातच अशक्य होते.

सर्व ब्राउझर आपल्याच संगणकावर बसवता येतात, हा दुसरा भ्रम. विंडोजसाठीची सफारी २०१२ मध्येच बंद पडली. प्लेराइट या दुसऱ्या चाचणी-साधनासोबत मिळणारे वेबकिट विंडोजवर आणि लिनक्सवर चालते खरे, पण ते सफारीचे इंजिन आहे, प्रत्यक्ष सफारी नव्हे. खरे आयफोन आणि जुनी अँड्रॉइड उपकरणे पदरी बाळगणे लहान संस्थेस परवडत नाही. तेथे २०११ साली मुंबईत स्थापन झालेल्या ब्राउझरस्टॅकसारख्या सेवेकडून ती भाड्याने घेणे मला सर्वथा उचित वाटते. अप्रकाशित संकेतस्थळ क्लाउडला दिसत नाही, ही शंका तर निराधारच आहे, कारण त्यासाठी टनेलची, म्हणजे आपल्या संगणकापासून क्लाउडपर्यंतच्या खाजगी जोडणीची, तजवीज असते.

‘माझ्याकडे पास होते, क्लाउडवर फेल होते, अर्थात क्लाउडच बेभरवशाचा’ हा निष्कर्ष मात्र मला सर्वाधिक घातक वाटतो. गूगलने २०१६ मध्ये नमूद केले की त्यांच्या सुमारे सोळा टक्के चाचण्यांत कधी पास, कधी फेल अशी चंचलता आढळते. आणि त्या तर त्यांच्या स्वतःच्याच यंत्रणेवर चालत होत्या. पुष्कळदा दोष असतो तो ‘दोन सेकंद थांब’ अशा ठोकळ आज्ञेचा : जवळच्या ब्राउझरात पान तेवढ्यात उमटते, दूरच्यात उमटत नाही. त्या दोनाचे दहा करणारे मी अनेक पाहिले. त्याने चाचणी संथ तेवढी झाली. ‘बटण दाबण्याजोगे होईपर्यंत थांब’ अशी अट घातली, की तीच चाचणी दोन्हीकडे पास होऊ लागते.