परमुलखातील शिक्षा व घरची वाट

सावंतवाडी तालुक्यातील आरोंद्याच्या काठावर उभे राहिले म्हणजे तेरेखोलच्या खाडीपलीकडे गोव्याचा किनारा दिसतो. आज ती खाडी ओलांडण्यास कोणाच्या परवान्याची गरज नाही. परंतु 1961 सालापर्यंत ती दोन राज्यसत्तांची सरहद्द होती. तिच्या पलीकडे स्वातंत्र्याचा उच्चार केल्याबद्दल अनेकांस पोर्तुगीज न्यायासनांनी शिक्षा ठोठावल्या. कित्येकांनी त्या गोव्यातच भोगल्या. काहींच्या नशिबी मात्र हजारो मैल दूर पोर्तुगालातील किल्ले आले. मनुष्याने शिक्षा किती भोगावी या प्रश्नाइतकाच ती कोठे भोगावी हा प्रश्नही महत्त्वाचा आहे, हे आमच्या या किनाऱ्यास अनुभवाने कळले आहे. तोच प्रश्न आज निराळ्या रूपाने आमच्या दाराशी उभा असल्यामुळे त्याचा विचार करणे प्राप्त आहे.

श्री. त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा यांस 1946 साली लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा दिली व पोर्तुगालातील पेनिश येथील किल्ल्यात नेऊन ठेवले. त्याहून कठोर उदाहरण श्री. मोहन रानडे यांचे. सांगलीचे हे गृहस्थ गोव्यात मराठीचे शिक्षक म्हणून गेले, आझाद गोमंतक दलात सामील झाले आणि ऑक्टोबर 1955 मध्ये बेती येथील पोलीस ठाण्यावरील हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. त्यांस 26 वर्षांची शिक्षा झाली व पुढे लिस्बनजवळच्या काशियास किल्ल्यात डांबण्यात आले. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला. गोव्यात शरण आलेले तीन हजारांवर पोर्तुगीज सैनिक भारताने 1962 साली मायदेशी परत जाऊ दिले. परंतु श्री. रानडे यांच्या कोठडीचे दार उघडण्यास जानेवारी 1969 उजाडावा लागला!

ही सुटका तरी कशी झाली? सुप्रसिद्ध गायक व संगीतकार श्री. सुधीर फडके यांनी तीसाठी जिवापाड खटपट केली. मद्रासचे मुख्यमंत्री श्री. अण्णादुराई यांनी प्रत्यक्ष पोपमहाराजांजवळ शब्द टाकला. एका देशभक्तासाठी कलावंत, मुख्यमंत्री व धर्मगुरू यांस उभे राहावे लागले, कारण कायद्याची सरळ वाट नव्हती. ज्याच्या मागे असा कोणी नाही, त्या सामान्य माणसाने कोणाच्या पायरीवर जावे?

कैद्यास एका मुलखातून दुसऱ्या मुलखात हलविण्याचा कायदा पूर्वी नव्हता असे नाही. ब्रिटिश पार्लमेंटने 1884 साली वसाहतींतील कैद्यांच्या स्थलांतराचा कायदा केला होता. कैद्याच्या जिवास धोका आहे, तेथे योग्य तुरुंग नाही, गुन्हा त्या मुलखाबाहेर घडला आहे, अशी कारणे त्यात नमूद होती, व संबंधित सरकारांची अनुमती आवश्यक मानली होती. परंतु ज्यास हलवावयाचे त्याची इच्छा विचारण्याचे कारण त्या कायद्यास वाटले नाही. राज्यकर्त्यांची सोय हाच त्यातील मुख्य धागा होता.

स्वतंत्र भारताच्या संसदेने 2003 साली कैद्यांच्या स्वदेशी परतीविषयी कायदा केला. तो 2004 पासून अमलात असून त्यास अनुसरून ब्रिटन, संयुक्त अरब अमिरात, सौदी अरेबिया, कतार, श्रीलंका इत्यादी देशांशी करार झाले आहेत. या करारांचा सर्वसाधारण आशय असा: शिक्षेचा निकाल अंतिम झालेला असावा, कृत्य दोन्ही देशांत गुन्हा असावे, शिक्षा देहांताची नसावी, बहुधा निदान सहा महिन्यांची शिक्षा शिल्लक असावी, दोन्ही सरकारांची संमती असावी, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे खुद्द कैद्याची संमती असावी. कैदी आल्यावर त्यास कोणत्या तुरुंगात ठेवावे, हे केंद्र सरकार राज्य सरकारच्या सल्ल्याने ठरविते.

यावर काही वाचक म्हणतील की, ज्याने गुन्हा केला त्याचे एवढे लाड कशास? आमच्या व्यापारी बंधूंस आम्ही त्यांच्याच व्यवहारातील दाखला देतो. हुंडी एका गावी लिहिली जाते व दुसऱ्या गावी वटते. म्हणून तिच्यातील रक्कम एका पैशानेही कमी होते काय? त्याचप्रमाणे शिक्षा घरच्या तुरुंगात भोगली म्हणून ती माफ होत नाही. कमी होतो तो केवळ निकालपत्रात न लिहिलेला दंड. आपली भाषा कानी न पडणे, वर्षानुवर्षे आईबापांचे तोंड न दिसणे, हा दंड कोणत्याही न्यायाधीशाने दिलेला नसतो. आणि त्याचा अर्धा भाग घरी बसलेली निरपराध बायकामुले भोगीत असतात. शिवाय शिक्षा संपल्यावर ज्या गावी त्याने नांदावयाचे, त्या गावापासून त्यास सर्वस्वी तोडून ठेवण्यात समाजाचाही लाभ नाही.

तथापि एका गोष्टीविषयी सावध असले पाहिजे. आपल्या तुरुंगांतील परदेशी कैद्यांचा भार हलका करण्यासाठी संमतीची अट गाळण्याची प्रवृत्ती श्रीमंत राष्ट्रांत दिसते. ब्रिटनने 2014 साली नायजेरियाशी केलेल्या करारात कैद्याच्या संमतीची गरज ठेविलेली नाही. हे 1884 सालचेच बीज नव्या कुंडीत लावणे होय. परत नेणे आणि हाकलून देणे या दोहोंची नाव एकच असते. तीत बसणाऱ्यास कोणी विचारले की नाही, एवढ्यावरून ती कोणती हे ठरते.

मालवण, वेंगुर्ले, देवगड या किनाऱ्यावरील माणूस पिढ्यान् पिढ्या दर्यावर व परमुलखी पोट भरीत आला आहे. कोणी जहाजावर खलाशी, कोणी आखातात कारागीर. त्यांतील एखाद्यावर परक्या देशात खटला होऊन शिक्षा झाली, तर घरची मंडळी प्रथम गावातील पुढाऱ्याकडे, मग एखाद्या दलालाकडे व शेवटी देवाकडे जातात. कायद्याकडे जावे हे त्यांस कोणी सांगत नाही. कैद्याने तुरुंगाधिकाऱ्यांमार्फत किंवा भारतीय वकिलातीमार्फत अर्ज करावयाचा असतो. वयामुळे वा प्रकृतीमुळे तो असमर्थ असल्यास त्याच्या वतीने इतरांसही मागणी करता येते. खटला अथवा अपील चालू असता मात्र ही वाट बंद असते, हेही ध्यानात ठेविले पाहिजे.

म्हणून आमची सूचना अशी की, ओरोस येथील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने या कायद्याची माहिती सोप्या मराठीत छापून प्रत्येक ग्रामपंचायतीत व बंदरात लावावी. परदेशी जाणाऱ्याच्या हाती ती पारपत्राबरोबर असावी. आणि घरच्यांचा अर्ज वकिलातीपर्यंत पोहोचविण्याचे काम एका ठरावीक अधिकाऱ्याकडे असावे. गावातील शिक्षक, वकील व व्यापारी यांनीही अशा घराशी बोलणे टाकू नये. अर्ज लिहून देण्यास अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाही. श्री. रानडे यांस आणण्यास थोरामोठ्यांची पुण्याई खर्ची पडली. आता कायदा आहे. तो कागदावर ठेवून एखाद्या खलाशाच्या आईस पुन्हा पुढाऱ्यांच्या दारी उभे करणे आम्हांस शोभणार नाही.